पाहुण्यांच्या पलीकडचा घाट

आमच्या साडूंइतकी प्रवासाची तयारी केलेला आणि त्यांच्याइतका कमी प्रवास केलेला दुसरा माणूस पुणे जिल्ह्यात सापडणार नाही. मोटारसायकलवरून माळशेज घाट उतरायचा आणि जाताना डोंगराच्या पायथ्याची जुनी गावं बघायची, हा बेत त्यांनी नोकरीत असताना केला. निवृत्त झाल्यावर तो सुधारला. पुढे दर वर्षी पाऊस उघडला की तो नव्याने सुधारला जाई आणि ऊस तुटायला आला की बारगळे. मी शिरूरला राहतो, एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो, आणि ठरलेलं काम उरकून कागदावरून खोडून टाकल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. साडूंच्या बेतात मागच्या सीटवरचा माणूस म्हणून माझी नेमणूक पहिल्यापासून होती. माझ्याकडे खोडायचं राहिलेलं इतकं जुनं काम दुसरं नव्हतं.

साडूंचा मळा पाटसच्या अलीकडे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, आणि माझी बायको या मांडवगण फराट्याच्या सख्ख्या बहिणी. साडूंची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाचे ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या काट्यावर यायच्या, वजन द्यायच्या आणि निघून जायच्या. "कुठकुठल्या गाड्या आल्या, साडू, माझ्या काट्यावर," ते म्हणायचे, "आन् मी आपला काट्यावरच." घाटाचं वेड तिथलंच. हंगामात कोकणाकडून आलेला एखादा ट्रक ड्रायव्हर दिसला की साडू त्याला चहा पाजून घाटातली वळणं विचारून घेत. कोणत्या वळणावर दगड येतो, कुठे हॉर्न मारायचा, कुठे माकडं बसतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. फक्त तो घाट त्यांनी पाहिलेला नव्हता.

काट्याने त्यांना आणखी एक सवय लावली. समोर माणूस आला की त्याची विचारपूस करण्याआधी त्यांच्या तोंडून त्याचं वजन निघतं. आमच्या पुतणीच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला तेव्हा सगळे अक्षता चाचपत होते. साडू गंभीरपणे म्हणाले, "अडुसष्ट. फेट्यासकट." नवरदेवाच्या वडिलांनी हे ऐकलं आणि पंगतीत ते साडूंपासून दोन पानं लांब बसले. पण आकडा चुकला असं कोणी म्हणालं नाही.

त्यांची तयारी या सवयीवर उभी होती. दौंड तालुक्यात घाट नाही. म्हणून ते रेल्वेच्या उड्डाणपुलावर चढ-उताराचा सराव करत आणि कालव्याच्या कडेने वळणांचा. घाटात गाडीवर आम्ही दोघं असणार, म्हणून मागच्या सीटवर माझ्या वजनाचं पेंडीचं पोतं सुतळीने आवळून बांधत. त्या पोत्याला मळ्यात सगळे माझ्या नावाने ओळखत. एकदा मी गेलो तर आक्का गड्याला ओरडून सांगत होत्या, "अरं, शिरूरच्या दाजींना उन्हातनं आत घे, उंदरं लागतील." मी दारात उभा होतो. साडूंना विचारलं, सराव कसा चाललाय? म्हणाले, "झकास. पोतं तुमच्यापरास बरं हाय. वळणावर सल्ला देत न्हाई."

एवढी तयारी असताना बेत अडत होता तो रस्त्यावर. मोबाईलमधल्या नकाशाला ते जुमानत नसत. "ती बाई म्हणती सरळ जावा. तिचं काय जातंय? तिला कुठं पाव्हणे हायेत?" मुद्दा बिनतोड होता. आमच्या भागात पाहुण्याच्या गावावरून जायचं आणि त्याच्या दारी चहा न घेता पुढे जायचं, हे कोणी सहजासहजी विसरत नाही. साडू एकदा न्हावऱ्यावरून घाईत तसेच पुढे गेले होते. तिथे त्यांची चुलत मेहुणी दिलेली आहे. तिने ओट्यावरून गाडी पाहिली. पुढच्याच बारशात तिने अख्ख्या मांडवाला चहा वाटला आणि साडूंसमोरून ट्रे तसाच पुढे नेला. साडू आयुष्यात बऱ्याच गोष्टी विसरले, तो ट्रे विसरले नाहीत.

त्यामुळे मार्ग आखताना ते गावांचे दोन भाग करत, थांबायची गावं आणि चुकवायची गावं. थांबायची घेतली तर चहातच दिवस जाई. चुकवायची म्हटली तर रस्ता एका गावाला वळसा घालून दुसऱ्या पाहुण्याच्या अंगणात शिरे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेल्या एका आराखड्यात तर आम्ही सकाळी पाटसहून निघून संध्याकाळी पुन्हा पाटसलाच पोहोचत होतो, मात्र कोणालाही न दुखावता. मी विचारलं, "आणि डोंगर?" साडू म्हणाले, "डोंगर काय रुसतोय व्हय?"

असं किती वर्षं चाललं असतं सांगता येत नाही. पण मागच्या दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचे फोटो बघितले आणि दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. त्यानंतर मोटारसायकल चालवायची नाही, हेही सांगितलं. आक्कांनी तिथल्या तिथे निकाल लावला. संक्रांत झाली की ऑपरेशन, आणि गाडी भाच्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंचा मला फोन आला. "साडू, ह्या कार्तिकात न्हाई झालं तर मग कवाच न्हाई." त्यांचा कुठलाही बेत एका वाक्यात मावल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी सूत्रं हातात घेतली. आदल्या रात्री मी मळ्यावर यायचं, एक मुक्काम ओतूरला, दुसऱ्या दिवशी घाट, आणि वाटेत कोणाकडेही थांबायचं नाही. साडूंना हे पटलं. फारच पटलं. इतकं की त्यांनी दोन दिवस बसून वाटेवरच्या प्रत्येक पाहुण्याला फोन केला. "तुमच्या गावावरनं जाणार हाय, पर थांबणार न्हाई. राग मानू नका. गुडघ्याचं ऑपरेशन हाय, त्याच्या आधी घाट बघून येतो." मी म्हटलं, अहो, सांगायचं कशाला? ते म्हणाले, "न सांगता जाणं म्हंजी चोरी झाली. सांगून न थांबणं म्हंजी अडचण. अडचण समजून घेत्यात लोक."

लोकांनी ती कशी समजून घेतली, ते आम्हाला चौफुल्याच्या पुढे भीमेचा पूल ओलांडल्यावर कळलं. पुलाच्या टोकाला साडूंचा मावसभाऊ सहकुटुंब उभा होता. हातात दुधाच्या किटलीत चहा. "गाडी बंद करू नका, आप्पा. थांबायचं न्हाई ना तुमाला? चालू गाडीवरच दोन घोट घ्या." चालू गाडीवर आम्ही चहा घेतला. मग शेव आली. मग ऑपरेशनची चौकशी झाली, गुडघ्यावरचे तीन उपाय झाले आणि एक नारळ मिळाला. गाडी चालूच होती. पेट्रोल माझ्या डोळ्यांसमोर जळत होतं.

न्हावऱ्याच्या फाट्यावर ती चुलत मेहुणी. हातात ट्रे, शेजारी सून, सुनेच्या हातात औक्षणाचं ताट. साडूंनी लांबूनच गाडीचा वेग कमी केला आणि मला म्हणाले, "ट्रे हाय." बाई पुढे आल्या. "तुमी थांबणार न्हाई म्हणलात ना दाजी? मग आमीच येऊन थांबलो." त्यांनी हेल्मेटसकट साडूंना ओवाळलं आणि पहिला कप त्यांच्या हातात दिला. साडू बराच वेळ डोळे पुसत होते. मला म्हणाले, रस्त्याला धूळ फार. आतापर्यंत हेल्मेटची काच खालीच होती.

शिरूरला चौकात माझी बायको उभी होती. हातात थालीपीठं. मी म्हटलं, "तू कशाला? मी कालच घरून निघालोय." ती म्हणाली, "सगळ्यांनी दाजींना गाठलं, मी काय परकी आहे?" मलठणला एक आबा, साडूंचे लांबचे मामा, काठी टेकत रस्त्याच्या मधोमध आले. एसटीला त्यांच्यासाठी थांबावं लागलं. "चिरफाड करायची म्हंजी अंगात ताकद पायजे," म्हणून त्यांनी तुपाची बरणी दिली आणि एक मोठा भोपळा. भोपळ्याची ताकद कोणत्या अंगाने येणार ते सांगितलं नाही. भोपळा माझ्या मांडीवर आला. साडूंनी मान वळवून पाहिलं. "साडेआठ किलो," ते म्हणाले आणि गिअर टाकला.

ओतूरला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. लॉजच्या पायऱ्या चढताना साडूंनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. दिवसभर थांबणं-निघणं, पाय टेकणं-उचलणं यांनी गुडघे सुजले होते. मी म्हटलं, सकाळी बघू. ते म्हणाले, "सकाळी बघायचं न्हाई. सकाळी जायचं." आणि भोपळा उशाला ठेवून झोपले.

सकाळी ओतूर सोडलं आणि साडू वेगळेच दिसू लागले. प्रत्येक गाव आलं की ते गाडी हळू करत, वेशीच्या दोन्ही बाजूंना बघत. दगडी ओटे, उतरत्या कौलांची घरं, वडाच्या पारावर बसलेले म्हातारे. कोणी आडवं येत नव्हतं. कोणी किटली घेऊन धावत नव्हतं. दोन-तीन गावं अशी गेल्यावर ते म्हणाले, "साडू, हितं आपलं कुणीच न्हाई." आनंद होता की काळजी, मला कळलं नाही. एका गावात पायऱ्यांची जुनी विहीर होती, ती बघायला उतरलो. घडा घेऊन आलेल्या आजींनी विचारलं, "कुणाचे पाव्हणे?"

या प्रश्नाला साडूंनी जन्मभर चटकन उत्तर दिलेलं होतं. इथे ते अडकले. "कुणाचे न्हाई, आजी. घाट बघायला चाललोय."

"बघायला? का? काय झालं घाटाला?"

आजींनी आमच्याकडे जरा दयेनेच पाहिलं आणि पाणी प्यायला दिलं. साडूंचा जीव थोडा भांड्यात पडला.

घाटाच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर आम्ही नारळ, तूप आणि बाकीचा आहेर ठेवायला दिला. भोपळा टपरीवाल्या बाईंना कायमचा दिला. साडूंनी गाडीला एक चक्कर मारली, चाकं दाबली, हेल्मेट घातलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये घाटात उतरले. मी मागे बसून चारी दिशांना बघत होतो. उजवीकडे कडे सरळ आभाळात गेलेले, त्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून लोंबत होत्या. डावीकडे खोल दरी, आणि तळाशी कोकणातली शेतं, ओंजळीएवढी. साडू यातलं काही बघत नव्हते. मान ताठ, नजर समोर. प्रत्येक वळणाआधी ते बारीक आवाजात पुटपुटत, "हितं दगड... हितं हॉर्न... आता बोगदा." आणि बोगदा येई. ट्रक ड्रायव्हर खरं बोलले होते. माकडंसुद्धा सांगितलेल्या कठड्यावर होती. पोत्यासारखा मीही एक शब्द बोललो नाही.

घाट संपला. खाली सपाट रस्त्याच्या कडेला साडूंनी गाडी थांबवली. मी उतरून गाडी धरली. त्यांना हात देऊन मैलाच्या दगडावर बसवलं.

"उतरलो," ते म्हणाले.

"उतरलात. कसा वाटला?"

त्यांनी थोडा विचार केला. "रस्ता चांगला हाय."

"आणि डोंगर?"

त्यांनी वर मान केली. आम्ही जिथून आलो ते कडे आता आमच्या डोक्यावर होते. साडू तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिले. त्यांच्या तोंडून कसलंच वजन निघालं नाही. मग त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"वर जाताना तुमी चालवा. मी काय बघितलंच न्हाई."

ती गाडी त्यांनी कोणाला चालवायला दिल्याचं मला आठवत नाही. मी बसलो. ते माझ्या खांद्याला धरून, एक पाय हाताने उचलून, मागे बसले. चढ लागला. पहिल्या वळणावर ते म्हणाले, "सावकाश." दुसऱ्या वळणावरही तेच म्हणाले. मला वाटलं माझं चालवणं पसंत नाही, म्हणून मी आणखी हळू केली. नंतर कळलं, त्यांना बघायला वेळ कमी पडत होता. पुढे त्यांचा माझ्या खांद्यावरचा हात, धार दिसली की दाबला जाई.

संक्रांत झाली, ऑपरेशन झालं, गाडी भाच्याकडे गेली. साडू खाटेवर असताना सगळे पाहुणे ओळीने भेटायला आले, मांडवगणचे, न्हावऱ्याचे, मलठणचे आबासुद्धा. साडू प्रत्येकाला घाट सांगत. पाण्याच्या धारा कशा हलतात, कड्यावरचं गवत कसं पिवळं पडत चाललं होतं, ढग कसा आपल्या खालून जातो. मी शेजारी बसून ऐकायचो. हळूहळू लक्षात आलं, ते सांगत तो सगळा चढच असे. आबांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी विचारलं, "आन् उतरताना रं? उतरताना काय दिसलं?"

"उतरताना मी चालवत व्हतो, आबा. काय दिसतंय मग?"

खोलीतले सगळे हसले, साडूही हसले. आक्का चहा आणायला उठल्या. बोलणं उसाच्या तोडणीकडे वळलं. मी सहज साडूंकडे पाहिलं. ते खिडकीतून रिकाम्या अंगणाकडे बघत होते, आणि पांघरुणावर ठेवलेल्या उजव्या हाताची दोन बोटं हळूहळू आवळत होते, मोठ्या उतारावर ब्रेक धरतात तशी, धक्का न देता.