पुण्याहून आलेली कमान

शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. मी पाचवीच्या वह्या उचलून वर्गाकडे निघाले होते, तेवढ्यात हेमराजचा फोन आला. हेमराज माझा मामेभाऊ. तिरोड्याजवळ, बोदलकसा तलावाच्या काठच्या गावात राहतो. दुपारी तो कधी फोन करत नाही. "ताई, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मग मी न विचारताच सांगू लागला, "जाळं वाळत घालून राहिले होते. दम लागला म्हनून बसले, ते उठलेच नाई." दुधराममामा... सत्तरीला टेकलेला माणूस, पण कधी अंथरुणाला खिळलेला मी पाहिला नव्हता. गोंदियाहून निघालेल्या बसच्या खिडकीबाहेर धानाच्या बांध्या मागे जात होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र सारखं पुणं येत होतं. बोदलकशाचा तलाव नाही, मामांचं घर नाही, तर तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी पुण्यात काढलेले चार दिवस.

मामा ढिवर. मासेमारी हा घरचाच धंदा, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यांसाठी. सापळ्याच्या तोंडाशी आत वळवलेल्या बारीक काड्यांची निमुळती वाट असते. मासा सरळ आत शिरतो, पण परत फिरला की त्याच काड्या त्याला आडव्या येतात. मामा हे काम गप्पा मारत, बोटांकडे न पाहता करायचे. पुण्यातली एक विद्यार्थिनी कधीतरी गावात राहून त्या सापळ्यांचे फोटो आणि चित्रं काढून गेली होती. पुण्यात दरवर्षी डिझाइनचा मोठा महोत्सव भरतो. तिच्या सांगण्यावरून तिथून बोलावणं आलं: चार दिवस लोकांसमोर बसून सापळे विणायचे. मामा नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. "मी कायले जाऊ? पुन्यात कोनाले मासे धराचे हायेत?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. मामीच म्हणाली, "जा ना. मी काई जाऊ शकत नाई. मायासाठी पाहून या." मला सुट्टी मिळत होती, म्हणून सोबत मी गेले.

महोत्सव एका जुन्या कारखान्याच्या आवारात होता. आत उंच शेडमध्ये दिवे, कापडं, भिंतभर मोठी अक्षरं, कागदाची भांडी. एका खुर्चीपुढे मामा बराच वेळ उभे राहिले. "हिच्यावर कोनी बसत नाई का?" त्यांनी हळूच विचारलं. ती फक्त बघायला ठेवलीय, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नसावं. मग आम्ही मधल्या चौकात आलो आणि मामा एकदम थांबले. तिथं बांबूची कमान होती... कमान म्हणजे काय, एका मागोमाग एक अशा कितीतरी कमानी, दोन मजली घरावरून जातील एवढ्या उंच, आणि मधे एकही खांब नाही. ऊन जाळीसारखं खाली सांडलं होतं. जन्मभर बांबू हाताळलेला तो माणूस मान मागे टाकून नुसता बघत राहिला. त्या संध्याकाळी जेवून हात धुताना म्हणाले, "येवढा वाकला, पन मोडला नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आपल्या जागेवर बसण्याआधी, ते पुन्हा कमानीखाली गेले. मी चहा आणायला वळले. परत आले तर मामा गुडघ्यांवर बसून एका बांबूच्या बुडाशी फरशीवर पडलेली पिवळट भुकटी बोटाने उचलून बघत होते. मग त्यांनी बांबूवर बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला, शेजारच्या बांबूवर ठोकलं, पुन्हा इकडे. "हात लावू नका, काका," तिथली एक मुलगी सौम्यपणे म्हणाली. मामा उठले. समोरून एका शाळेची मुलं रांगेने येत होती, चाळीसेक तरी असतील. मामा सरळ वाटेच्या मधे जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"मी नाई सरकत," ते म्हणाले. "हा बांबू पोखरला हाये. पोराईले आत नोका सोडू."

सुरक्षारक्षक आला. शाळेच्या बाई वैतागल्या. लोक मोबाइल काढून चित्रण करू लागले. आणि मी... आज हे लिहिताना मान खाली जाते, पण मी त्यांचा दंड धरून म्हणाले, "मामा, चला ना. शिकलेल्या लोकांनी बांधलंय ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तूबी थांब, बाई. आत नोको जाऊ," म्हणाले.

गलका ऐकून ती कमान बांधणारी वास्तुरचनाकार मुलगी धावत आली. मृणाल तिचं नाव, वय तिशीच्या आत. चिडेल असं मला वाटलं होतं. तिने मामांना फक्त विचारलं, "कुठला बांबू?" त्यांनी दाखवला. तिने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून बुडाशी टेकवला, थोडा दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मृणालचा चेहरा पांढरा पडला. तिने ताबडतोब सगळ्यांना मागे घेतलं, दोरी बांधली आणि स्वतः एकेका बांबूजवळ जाऊन मामांना ठोकून बघायला लावलं. आणखी दोन निघाले. शेवटच्या आठवड्यात कमी पडले म्हणून आणलेले, पावसाळ्यात तोडलेले बांबू होते ते. पावसाळ्यातल्या बांबूत रस असतो, त्याला कीड लागते; हे मामांना लहानपणापासून ठाऊक होतं.

तो दिवसभर कमान बंद राहिली. मामांनी सापळे बाजूला ठेवले आणि मृणालच्या माणसांबरोबर ते तीन बांबू बदलले. काम झाल्यावर मृणाल त्यांचे आभार मानू लागली, तर त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. त्यांना दुसरंच काही हवं होतं. "बेटा, मधे खांब नाई, तं भार जाते कुठून?" तिने फरशीवर खडूने कमान काढली, वरून खाली येणाऱ्या रेघा काढल्या. मामा उकिडवे बसले आणि एकेका रेघेवरून बोट फिरवत गेले, अगदी जमिनीपर्यंत. मग म्हणाले, "पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं. सदुसष्टाव्या वर्षी एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर असा उजेड येतो, हे मी तिथं पाहिलं. वीस वर्षं शिकवते आहे, पण इतक्या भुकेने शिकणारा विद्यार्थी मला मिळालेला नाही.

गावी परतल्यावर त्यांनी तलावाकाठी, बायका मासळी निवडत उन्हात बसतात तिथं, कमान बांधायला घेतली. पहिली वाऱ्याने पडली. दुसरी एका बाजूला कलली. लोक हसले. हेमराजही म्हणाला, "बाबा, चार खांब रोवा ना, पत्रे टाका." मामांनी हिवाळ्यात तोडलेला बांबू, उरलासुरला रस निघून जावा म्हणून, पुन्हा पाण्यात भिजत टाकला. तिसरी उभी राहिली. ती दोन पावसाळे काढून आजही उभी आहे.

तेरवीला आम्ही सगळे तिच्याच सावलीत बसलो, मांडव घालावा लागला नाही. मृणाल पुण्याहून आली होती. जेवणं झाल्यावर ती कमानीखाली फिरत राहिली. सांधे बघितले, बांधणी बघितली. लोखंडाचा एकही बोल्ट तिला कुठं सापडला नाही. शेवटी तिने मामीला विचारलं, "आजी, उंची फार नेमकी आहे. आजोबांनी माप कुठून घेतलं?"

मामी उठली, कडेला ठेवलेलं मासळीचं टोपलं तिने डोक्यावर घेतलं आणि कमानीच्या मधोमध जाऊन ताठ उभी राहिली.

"असं उभं केलं होतं मले," ती म्हणाली. "दोन दिवस."

टोपल्याच्या काठापासून बांबूपर्यंत चार बोटांचं अंतर होतं.