एका हाताने खेळायचा खेळ

मंगळवारी सकाळी अकोल्याहून फोन आला. बहिणीच्या नवऱ्याचा होता. तो म्हणाला, ती गेली. मी कपडे बदलले, अमरावतीहून बडनेऱ्याला गेलो आणि गाडीत बसलो. मूर्तिजापूरला एकाने विचारलं, ही गाडी अकोल्याला थांबते ना. मी हो म्हणालो.

त्याआधीची तीन वर्षं मी दर शनिवारी त्याच गाडीने जात असे. बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. अकोल्यात सरकारी कचेरीत नोकरीला होती. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर मंगळवार, गुरुवार, शनिवार असं तिचं डायलिसिस सुरू झालं. चार तास खुर्चीत पडून राहायचं. उजव्या हाताच्या शिरेत दोन जाड सुया, आणि तो हात हलवायचा नाही. ती डावखुरी, म्हणून सुयांसाठी उजवा हात निवडलेला. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. तिच्या डाव्या हातात पेन्सिल दिसली की ते काढून उजव्या हातात देत. त्यांची पाठ वळली की पेन्सिल पुन्हा डाव्या हातात. शेवटी तोच हात तिला मोकळा राहिला.

त्या हातात मी पहिल्यांदा ते व्हिडिओ गेमचं यंत्र पाहिलं तेव्हा दारातच थांबलो. पाकिटाएवढं, मधोमध दुमडणारं, निळ्या रंगाचं, कुणीतरी वापरून विकलेलं.

"काहून रे दादा, असा काय पाहून राहिला? वाघ दिसला काय?"

"पन्नाशीला आलेली बाई आणि हातात खेळणं," मी म्हणालो.

मी पिशवीतून कादंबरी काढली. आमच्या घरात पुस्तक हीच इस्टेट होती. आजोबांना अक्षर येत नव्हतं, वडिलांना आलं, आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. आजारी माणसाकडे जाताना लोक फळं नेतात. मी एकदा वरूडची संत्री नेली होती. ती तिला चालत नाहीत हे मला तिथे गेल्यावर कळलं. तेव्हापासून पुस्तक नेत होतो.

"हे पुस्तक डाव्या हातानं धरून दाखव बरं," ती म्हणाली. "आन् पान पलटव. दुसरा हात हालला नाही पायजे."

मी धरलं. अंगठ्याने पान सरकवायला गेलो आणि पाचशे पानांची कादंबरी नर्सबाईंच्या पायावर पडली.

"घ्या सिस्टर," बहीण म्हणाली, "आमच्या दादाचं साहित्य लय वजनदार आहे."

हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या हसल्या. मीही हसलो, पण मला लागलं होतं.

त्या खेळाचं परीक्षण लिहायचं मी तिला कबूल केलं होतं. ते आता लिहितो आहे. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहिली. त्यातली काही मी पुस्तक पूर्ण न वाचता लिहिली. पहिली चाळीस पानं, शेवटचं प्रकरण आणि मधली चार-दोन ठिकाणं वाचायची, आणि लेखकाच्या शैलीबद्दल दोन परिच्छेद. हे कुणाला कळलं नाही. बहिणीला कळलं. माझं परीक्षण वाचून तिने एक कादंबरी आणली आणि पुढच्या शनिवारी मला म्हणाली, "दादा, तू लिहिलं का त्या म्हाताऱ्याची चिवट जगण्याची ओढ मनाले भिडते. तो तं एकशेसाठाव्या पानावर मेला."

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"याचं लिही आता," तिने यंत्र पुढे केलं. "पण पुरं खेळून लिही. पयल्या पानापासून. मधातून घुसायचं नाही."

खेळ असा आहे. एका नदीचं पाणी आटलं आहे. चार प्रवासी तिच्या उगमाकडे चालत निघतात. वाटेत गावं लागतात, जंगलं लागतात, जनावरं आणि राक्षस आडवे येतात. लढाई आली की खेळ थांबतो आणि तुम्ही काय करणार ते विचारतो. तुम्ही उत्तर देईपर्यंत समोरचा राक्षसही उभा राहतो. बोटं चपळ असण्याची गरज नाही. मधेच मळमळलं, रक्तदाब उतरला, डोळे मिटले, तरी तुमचं काही बिघडत नाही. मी पाहिलेल्या कुठल्याही खेळात एवढी सभ्यता नाही. शिवाय एक सोय आहे. उजवीकडच्या बटणांचं सगळं काम डावीकडच्या वरच्या एका बटणाला देता येतं. ज्याने ही सोय ठेवली त्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं, मला माहीत नाही. बहिणीला वाटायचं की त्याच्या घरातही कुणीतरी खुर्चीत बसलेलं असणार.

आणखी एक गुण तिने दाखवला. प्रत्येक गावात एक विहीर आहे. तिथलं पाणी प्यायलं की थकलेला प्रवासी पुन्हा धडधाकट होतो. मे महिन्यातल्या अकोल्यात तिला दिवसभरात मोजकं पाणी पिता येई, औषधाच्या घोटासकट. खेळात ती एकही विहीर सोडत नसे. गरज नसली तरी चौघांना पाणी पाजूनच पुढे जाई.

"आता तर पाजलं होतं," मी एकदा म्हणालो.

"पिऊ दे ना. तुह्या बापाचं काय जाते?"

"माझा बाप तोच तुझा."

"म्हणून तं सांगून राहिली. त्यानं कोणाले पाण्याले नाही म्हटलं नाही कधी."

दोषही आहेत. भाषांतर कच्चं आहे. गावकरी एकच वाक्य दहादा बोलतात. मधला भाग ताणलेला आहे, तोच राक्षस रंग बदलून तीनदा येतो. अक्षरं बारीक. आणि खेळ हवा तिथे सेव्ह करता येत नाही. वाटेवर दिव्याचे खांब आहेत. खांबापाशी जाऊन दिवा लावला तरच तिथवरचा प्रवास जपला जातो. दिवे फार लांब लांब आहेत. तिच्या जुन्या यंत्राची बॅटरी तीन तास चाले आणि डायलिसिस चार तासांचं. तिसरा तास सरत आला की मी काही बोलू लागलो तर ती म्हणे, "थांब दादा, दिव्यापर्यंत पोचू दे."

चौघांतला एक म्हातारा आहे, पाठीवर पोथ्यांची पिशवी घेतलेला. तो हळू चालतो. लढाईत पहिल्या फटक्याला आडवा होतो. दर वेळी त्याला औषध देऊन उठवावं लागतं. प्रवाशांची नावं आपण ठेवायची असतात. त्याचं नाव तिने इंग्रजी अक्षरांत 'दादा' ठेवलं होतं.

"याचा काय उपयोग?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मग काढून टाक."

"काढता येत नाही त्याले. पाह्यलं मी."

शेवटच्या हिवाळ्यात ती उगमाशेजारच्या शेवटच्या दिव्यापर्यंत पोचली. समोर एक दरवाजा होता. आत गेलं, लढाई जिंकली, की खेळ संपणार. पण ती आत गेली नाही. शनिवारी मी पाहायचो तर चौघं मागच्या कुठल्यातरी गावात विहिरीवर असत.

"संपव ना आता," मी म्हणालो.

"संपवलं का कोरी पाटी येते. मंग चार तास काय करू, तुह्या तोंडाकडे पाहू?"

खेळाचा हा मोठा दोष म्हणून मी तेव्हाच मनात टिपून ठेवला होता. शेवटानंतर तिथे काही नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले. मेहुण्याने यंत्र रुमालात गुंडाळून आणलं. "दादा, हे तुमच्यापाशी राहू द्या. तिनं सांगतलं होतं का परीक्षण लिहिणार हाये तुमी."

अमरावतीला आल्यावर आठवडाभर मी ते उघडलं नाही. मग एका दुपारी चार्ज केलं. पडद्यावर ती पुन्हा शेवटच्या दिव्यापाशी आलेली होती. चौघंही धडधाकट, म्हातारासुद्धा. खाली खेळलेले तास होते, दोनशे बारा. मी एकही बटण दाबलं नाही. नुसता पाहत बसलो. दिव्याची ज्योत हलत होती.

तिथून दोन पावलं पुढे जाऊन दरवाजा उघडणं म्हणजे पुन्हा शेवटचं प्रकरण वाचून परीक्षण लिहिणं. ते मला करायचं नव्हतं. तिने पयल्या पानापासून म्हटलं होतं. म्हणून मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि नवा खेळ निवडला. मला वाटलं, फळीवर एका पुस्तकाशेजारी दुसरं ठेवावं तसे दोन प्रवास शेजारी शेजारी राहतील. ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? नदीकाठचं पहिलं गाव आलं. मी प्रवाशांना विहिरीवर पाणी पाजलं. गावाबाहेर पहिला दिवा होता. तो लावला. एक लहानशी धून वाजली.

खेळाने काही विचारलं नाही. त्यात एकाच प्रवासाची जागा आहे. मी दिवा लावला तेव्हा तिचा दिवा गेला.

हे मला अर्ध्या तासाने कळलं, तिचा पडदा पुन्हा पाहावा म्हणून मागे गेलो तेव्हा. तिथे पहिलं गाव होतं आणि बावीस मिनिटं. मी यंत्र बंद-चालू करत राहिलो. दुसऱ्या दिवशी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. "काका, एकावर एक लिहिलं जाते यात," तो म्हणाला. "खालचं निघत नाही."

पुढच्या शनिवारी मी अकोल्याला गेलो आणि मेहुण्याला सांगितलं. तो चहा गाळत होता. त्याने कप माझ्यापुढे ठेवला.

"दादा, मले तर हेबी मालूम नव्हतं का आत काय होतं," तो म्हणाला. "ती खेळे, मी बाहेर बाकावर पेपर वाचो. एकदाबी पाह्यलं नाही." मग स्वतःचा कप भरून म्हणाला, "तुमी तर पाह्यलं."

त्याने माझ्यावर राग धरला असता तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी रोज सकाळी थोडं खेळतो. उजवा हात टेबलावर ठेवून, डाव्याने. मला ते जमत नाही. बोट दुखतं, भलतंच निवडलं जातं. मधला ताणलेला भाग आता लागला आहे. तो तिच्यासाठी दोष नव्हता, हे कळतं. म्हातारा माझ्याही खेळात आला. नाव विचारलं तेव्हा मी बहिणीचं नाव ठेवायला गेलो, आणि थांबलो. तिने पोथ्यांचं ओझं कधी वाहिलं नव्हतं. मी 'दादा' लिहिलं. तो अजूनही पहिल्या फटक्याला पडतो.

तेव्हा हे परीक्षण अपुरं आहे. शेवटचा दिवा मी अजून गाठलेला नाही. दरवाजाच्या आत काय आहे ते मला माहीत नाही आणि तिलाही माहीत नव्हतं.

यंत्र माझ्या टेबलावर आहे. डावीकडचं वरचं बटण झिजून गुळगुळीत झालं आहे. उजवीकडची चार नव्यासारखी आहेत. आत एकेचाळीस तास आहेत. ते माझे आहेत.