सात सेकंदांची हरिप्रिया

आमच्या प्रौढ वर्गात या महिन्यात ओळखीच्या एका व्यक्तीविषयी लिहिण्यास सांगितले आहे. मी शेजारच्या राघोत्तम यांच्याविषयी लिहीत आहे.

राघोत्तम तीस वर्षांपासून आमच्या वेस्ट मांबलम भागात लग्नांचे व्हिडिओ काढतात आणि त्यांचे संपादन करतात. पूर्वी त्यांची पत्नी हरिप्रिया त्यांच्याबरोबर जात असे. ते कॅमेरा धरीत व ती दिवा धरी. त्या दिव्याची मूठ इतकी तापे की तिला ओले फडके गुंडाळावे लागे. मुहूर्त आटोपून परतल्यावर हरिप्रिया लग्नघरी मिळालेली तांबूलाची पिशवी माझ्या हाती देई आणि उंबऱ्यावर बसून सांगे, "अक्का, आजची नवरी रडलीच नाही. आईच रडली!" तिचे ते बोलणे ऐकण्यासाठी मी स्वयंपाक थांबवीत असे.

मुलगी संयुक्ता तीन वर्षांची असताना हरिप्रिया तापाने गेली. राघोत्तम यांनी शेकडो नवऱ्या मुलींचे व्हिडिओ काढले, परंतु पत्नीचा एकही नव्हता. दिवा धरणारी व्यक्ती चित्रात येत नाही.

गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी आपल्या लग्नाची, राघोत्तम यांनीच पंचवीस वर्षांपूर्वी काढलेली कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यासाठी आणली. त्या लग्नात मंडपामागे काच लावलेले कृष्णाचे मोठे चित्र होते. त्या काचेत सात सेकंद हरिप्रिया दिसत होती. मात्र काचेवर पडलेली दिव्याची तिरीप पांढरीशुभ्र होती आणि तिरिपीशेजारचा हरिप्रियाचा चेहरा काळाकुट्ट.

"अक्का," राघोत्तम मला म्हणाले, "संयुक्ता रविवारी ओरगडमहून घरी येते. तिला आई फोटोतलीच आठवते, हलताना नाही. तेवढं दाखवायचं आहे."

मी रोज कॉफी घेऊन त्यांच्या खोलीत बसत असे. त्यांनी मला मास्क म्हणजे काय ते समजावले. चित्राच्या एका भागाभोवती कुंपण आखावे. आत जे करावे, ते बाहेर पोहोचत नाही. व्हिडिओच्या एकाच तुकड्यावर अशी अनेक कुंपणे घालता येतात. त्यांनी पहिले चेहऱ्याभोवती घातले आणि आत उजेड वाढवला. दुसरे पदराभोवती घालून विटलेला रंग गडद केला. तिसरे दिव्याच्या तिरिपीभोवती घालून ती पूर्ण काळी केली. कॅमेरा हलत असल्यामुळे प्रत्येक चित्रात तिन्ही कुंपणे सरकवावी लागत होती. सेकंदाला पंचवीस याप्रमाणे सात सेकंदांत अशी एकशे पंचाहत्तर चित्रे होती.

शनिवारी त्यांनी तुकडा लावला. चेहरा स्वच्छ दिसत होता. पण तिरिपीबरोबर दिवाही नाहीसा झाला होता, आणि हरिप्रिया रिकामा हात उंच करून उभी होती.

"राघोत्तम," मी विचारले, "ही बस थांबवते आहे काय रे?"

ते प्रथम रागावले. "काचेवरची तिरीप म्हणजे दोष, अक्का. गिऱ्हाईक लगेच बोट दाखवतं. तीस वर्षं मी ती पुसतोय."

"सरी, मानलं. पण इथं गिऱ्हाईक कोण आहे?"

ते पडद्याकडे वळले. नंतर त्यांनी तिसरे कुंपण काढून टाकले. तिरीप परत आली आणि गालाचा अर्धा भाग तिच्यात बुडाला. मग त्यांनी चेहऱ्याचे कुंपण तिरिपीपासून थोडे आत घेतले आणि त्याची कडा मऊ केली. गाल पूर्वीइतका स्पष्ट राहिला नाही. परंतु हातात दिवा होता, आणि ओठ हलताना दिसत होते.

रविवारी संयुक्ता आली. तिने उभ्यानेच तुकडा पाहिला. कॅसेटमध्ये फक्त नादस्वर ऐकू येत होते.

"अप्पा, आई काय म्हणते आहे?"

"काय म्हणणार! प्रत्येक लग्नात तेच." राघोत्तम चष्मा पुसू लागले. "'आटपा हो, हात भरून आला.'"

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"'अजून एकच मिनिट.'"

"खोटं," मी म्हणाले. "एक मिनिट कधीच नसे. ती मला सांगत असे."

संयुक्ता हसली व खुर्चीवर बसली. तिने तुकडा पुन्हा लावला, आणि काचेतले ओठ हलू लागताच त्यांच्याबरोबर हळूच म्हणाली, "आटपा हो, हात भरून आला."