दत्तूदादाचा डावा कान

निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. इथे जामनगरला आमच्या चाळीत एकच फोन, त्यामुळे हाक आली की मी हातातलं टाकून धावते. मावशीला फोनवर ओरडून बोलायची सवय, पण त्या दिवशी हळूच म्हणाली, "दत्तू गेला गो. रोह्याला, बहिनीच्या घरी." महिना उलटला. मी सातवीतून शाळा सोडलेली, असं कधी लिहिलेलं नाही. काही चुकीचं लिहिलं जाईल ही धास्ती आहेच. पण त्याचे माझ्यावर उपकार आहेत आणि दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

पेणला बाजारामागे दत्तूदादाचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्नं, गणपती, जत्रा… भोंग्याशेजारी उभं राहून राहून त्याचा उजवा कान कायमचा गेला. तरी दुकानामागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं. माझी मावशी धवलारीण. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाचे विधी धवल्याच्या गाण्यांनी होतात. मावशी ओळ म्हणते, मी ती झेलते, म्हणजे मागून उचलून परत म्हणते. झेलल्याशिवाय ओळ पुरी होत नाही, पुढची घ्यायची नाही, असा रिवाज. झेलणारीला तसं कोण विचारतं? दत्तूदादानं मात्र पहिल्याच कॅसेटवर मावशीच्या बरोबरीनं माझं नाव छापलं. "अर्धं गानं तुजंच हाय," म्हणाला. माझं छापलेलं नाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग त्याच्या मुंबईच्या भाच्यानं खोलीत कॉम्प्युटर बसवून दिला. जुन्या मिक्सरवर प्रत्येक माईकला वेगळं बटण होतं. ते डावीकडे फिरवलं की तो आवाज सगळाच्या सगळा डाव्या बाजूला सरकायचा. दादा हेडफोन लावून एकेक आवाज असा आपल्या चांगल्या कानात आणायचा, नीट करायचा आणि परत जागेवर ठेवायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही तसंच गोल बटण होतं, त्याच जागी. आम्ही गायलो तेव्हा मावशी डाव्या माईकवर आणि मी उजव्या, पण पडद्यावर दोघींच्या आवाजाची मिळून एकच पट्टी, म्हणजे एकच ट्रॅक, झाली होती. दादानं सवयीनं बटण पुरतं डावीकडे नेलं आणि ऐकत बसला. त्याचं तोंड उतरलं. त्यानं हेडफोन काढून ठेवला.

त्यानंतर तो बोलावीनाच. मावशीकडे निरोप आला, दुसरी झेलणारी बघ, जाड आवाजाची. मला रडू आवरेना. मावशी मला हाताला धरून दुकानात घेऊन गेली. "काय रं दत्त्या, माज्या पोरीच्या गल्याला काय झालं?"

दादा खाली बघत म्हणाला, "तिच्या नाय, माज्या कानाला झालंय. डॉक्टर बोललेला, बारीक आवाज आधी जातील. तू आयकू येतेस. ही नाय येत."

मी घाबरत घाबरत हेडफोन लावला. मावशीची ओळ आली. पुढे नुसतीच शांतता… परत मावशी. "दादा, मला पन मी आयकू येत नाय."

"घ्या! दोगं बी भैरे," मावशी म्हणाली, "आनी मी एकलीच बोंबलते."

दादानं माझ्याकडे बघितलं आणि बटण हळूहळू मध्यावर आणलं. तशी मी उजव्या कानात उगवले, "आले, आले!" म्हणून ओरडले. ते बटण आवाज सरकवत नव्हतंच, उजवी बाजू नुसती झाकत होतं! दादा हसायला लागला. हसता हसता त्यानं टॉवेल डोळ्यांना लावला.

मग त्यानं आमचे आवाज दोन पट्ट्यांवर वेगळे केले आणि माऊस माझ्या हातात दिला. "तूच सरकव." मी दोघींना डावीकडे नेलं. त्याला दोघी ऐकू आल्या. तो कॉम्प्युटरवर भडकलाच होता. "बाजूला हो म्हटलं तर मानूस बाजूला होतो, मरत नाय. ज्याला सरकवायचं त्याला सरकवायचं बटन द्या. झाकायचं असंल तर ते येगलं काडा, वर लिवा. दोगांचं तोंड सारखं कशाला?" या बनवणाऱ्यांना एका कानाचा माणूस कधी भेटला नसेल, असंही म्हणाला. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डिंगला मी शेजारी बसायची. कॉम्प्युटरवर मला जे काही येतं ते त्याचंच.

पण डॉक्टर खोटं बोलला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात बारीक आवाज खरोखरच जायला लागले. आधी टाळ गेले, मग मी, शेवटी मावशीही. दुकान मोडलं. बहीण त्याला रोह्याला घेऊन गेली. माझ्या नवऱ्याचं डोलवीच्या कारखान्यातलं कंत्राट संपलं आणि आम्ही इकडे आलो. निघण्याआधी मी रोह्याला जाऊन आले. त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन धवला म्हटला, होता नव्हता तेवढा जोर लावून. मान वळवून तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग विचारलं, "सुरू केलास काय?" मी मान डोलावली. "हां, चालू दे," म्हणाला आणि मांडीवर हात थापटत बसला. ठेका भलताच धरला होता… मी शेवटपर्यंत म्हटलं.

इथे धवला कुणाला ठाऊक नाही. आता मावशीही गात नाही. मी कुणाशीही बोलायला बसले की त्याच्या डाव्या हाताला बसते. नवरा वैतागतो, "अगं, मला दोन्ही कान आहेत, हिकडं बस की." मी उठून उजवीकडे बसते. बोलता बोलता ध्यानात येतं, मी परत डावीकडे आलेली असते.