नरसम्माचा रिपोर्ट मालकाच्या हातात

मंडळी, आज दुपारपासून डोकं ठणकतंय. मी सोलापुरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मागच्या आठवड्यात एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आम्ही रक्ततपासणी शिबिर घेतलं. रक्तातले आकडे वाचून किडनीचा धोका त्रास सुरू होण्याआधीच ओळखणारं एआय सॉफ्टवेअर आमच्याकडे आलंय. मला त्याचं भारी कौतुक होतं.

आज तिथली कामगार नरसम्मा लॅबच्या दारात उभी. "ताई, माज्या रक्तात काय निगालं? मालक म्हनला, उद्यापासून येऊ नको."

मी मालकाला फोन लावला. "आजारी बाई मशीनवर ठेवून काय करू?" म्हणे!

अहो, सॉफ्टवेअरने तिच्या रिपोर्टवर किडनीबद्दल दिलेली ती नुसती धोक्याची सूचना आहे! पुन्हा तपासणी करून वेळेत काळजी घेतली, तर किडनी सांभाळता येते. मी नरसम्माला डॉक्टरांकडे नेलं. तिचा पहिला प्रश्न, "मी काम करू शकते की न्हाय?" डॉक्टर म्हणाले, "खुशाल करा." मालक मात्र अजून "बघू" म्हणतोय.

त्याचा संताप येतोच. पण सगळ्यांचे रिपोर्ट एकगठ्ठा त्याला पाठवले कुणी? मीच! नरसम्माला विचारलंसुद्धा नाही.

तुमच्याकडे शिबिर झालं, तर तुमचा रिपोर्ट आधी कोण वाचतं?