लाल फिल्टर आणि सरकीची पेंड

छोट्या गाडीला बाजारातला भारी एअर फिल्टर बसवला की तिची ताकद वाढते का, याचं उत्तर मी स्वतःच्या अनुभवावरून देऊ शकतो. ताकद वाढते. कुणाची, ते सांगायला जरा वेळ लागेल.

माझी गाडी म्हणजे आधीच्या मालकाने कंटाळेपर्यंत वापरून मग 'एकदम जपलेली' म्हणून मला विकलेली पांढरी चारचाकी. धारूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. घाटात चौघं बसले की गाडी दुसऱ्या गिअरवर यायची, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून माझी सगळ्या रस्त्यासमोर शोभा करायचा. माझ्या मेहुण्याचं बीडला गाड्या सजवायच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हर, रंगीत दिवे, मागच्या काचेवर चिकटवायचे वाघाचे डोळे. एका रविवारी त्याने माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ गंभीर चेहऱ्याने आत बघत राहिला.

"दाजी, तुमची गाडी दम कोंडून मरायलीय."

"कावून?" मी घाबरूनच विचारलं.

"हा कंपनीचा डबा बघा. आत कागदाचं फिल्टर. हवाच जाऊ देत न्हाई. हे उघडं फिल्टर टाकू. पिकअप लई वाढतंय."

उघडं फिल्टर तांब्याएवढं, लालभडक, चकचकीत कड्याचं होतं. आता मी आठवीला ज्वलन शिकवतो. हवा जास्त तर जळण जास्त, जळण जास्त तर ताकद जास्त, हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिलेलं की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला. माझ्या एवढ्याशा इंजिनाला लागणारी सगळी हवा त्या कंपनीच्या डब्यातून आरामात जात होती, हे मी कुणाला विचारलं नाही. विज्ञानाच्या मास्तराने विचारायचं कुणाला? मेहुण्याने पैसे घेतले नाहीत. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

परतताना मनगटावरच्या घड्याळात बघत मी घाट चढलो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चढलो. वेळ तेवढाच लागला. गिअर दुसराच. पेट्रोल पूर्वीइतकंच, कदाचित जरा जास्तच. फरक पडला होता तो आवाजात. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून अशी घरघर यायची की टेम्पोवाले बाजूला व्हायचे. गाडी त्याच वेगाने चालत होती, पण मोठ्या रुबाबात चालत होती. पहिला आठवडा माझी खात्री होती की पिकअप वाढलंय. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, कानात कापूस घालून सांगते.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. बीड जिल्ह्यात एवढ्या सांगण्याने काहीच कळत नाही, म्हणून खूण सांगतो. आमच्या गावच्या तळ्यात त्या वर्षी क्रिकेटच्या मॅची होत होत्या. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलजोडी पाहुण्यांकडे पाठवून दिली होती आणि एक गाय तेवढी ठेवली होती. ती गाभण होती. पावसाकडून, पिकाकडून, सरकारकडून दादांनी त्या वर्षी काही मागितलं नाही. गाय नीट वितेपर्यंत जगावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तिला घेऊन ते चारा छावणीत राहायला गेले. हिरव्या जाळीखाली गाय, शेजारी बाज, बाजेवर दादा.

छावणी आमच्या भागातली एक सोसायटी चालवायची. सहकाराची व्याख्या पुस्तकात वेगळी असेल. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून चेअरमनला सहकार्य करणं, याला सहकार म्हणतात. कागदावर प्रत्येक जनावराला ऊस होता, सरकीची पेंड होती. प्रत्यक्षात उसाच्या शेंड्यांचं वाळकं वाढं मिळायचं आणि पेंडीची पोती मांडवात नुसती रचून ठेवलेली असायची, दर्शनापुरती. तक्रार केली तर छावणीचा मुकादम हात जोडून म्हणायचा, "वरून आली की देतो." पोती त्याच्या पाठीमागेच असायची.

पेंड सुटायची ती तपासणीचे साहेब आले की. साहेबांचा दिवस ठरलेला नसायचा, पण त्यांच्या जीपचा सायलेन्सर फाटलेला होता, त्यामुळे मुकादमाला कसली अडचण नव्हती. छावणी खिंडीपलीकडच्या खोलगटात होती. गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. खिंड उतरली तरी नुसता धुळीचा लोट दिसायचा, आत कोण आहे ते थेट मांडवापाशी कळायचं.

लाल फिल्टर बसवल्यावर मी पहिल्यांदा छावणीवर गेलो, तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. खिंड उतरलो तर समोर धावपळ. कुणी पोती फोडतंय, कुणी दावणीत पेंड ओततंय, टँकरचा पाइप हौदात सोडलेला. काय व्यवस्था आहे, असं मी मनात म्हटलंही. मुकादम टोपी नीट करत धुळीत शिरला आणि माझ्या खिडकीशी वाकला.

"सर, तुमी?"

इतक्या दुःखाने माझं स्वागत आजवर कुणी केलेलं नाही. पण जनावराच्या तोंडातली पेंड परत मागता येत नाही. गाय डोळे मिटून खात होती, आणि दादा बाजेवर बसून तोंडावर उपरणं धरून हसत होते.

"गाडीला काय केलंस?"

"फिल्टर बसवलंय, दादा. पिकअपसाठी."

"लई चांगलं केलंस. आता रोज येत जा."

मी रोज जायला लागलो. शाळा सुटली की थेट छावणी. कधी सकाळी शाळेच्या आधी, कधी मधल्या सुट्टीत हेडमास्तरांना पोटदुखी सांगून. खिंडीच्या तोंडाशी गाडी पहिल्या गिअरवर घ्यायची, ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि साहेबासारखं यायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी मुकादमाला कळलं की हा आवाज मास्तराचाही असू शकतो. पण साहेबाचाही असू शकतो ना! या 'ही'वर माझी गाय जगत होती. तो मनातल्या मनात माझा उद्धार करत पोती फोडायचा. नुसती माझी गाय नाही, सगळी दावण खायची. छावणीतली माणसं मला चहा पाजायला लागली. एका म्हाताऱ्याने तर माझ्या बॉनेटला हळद-कुंकू लावलं. गायीच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. फिल्टरने कामगिरी सुधारते ती अशी. फक्त गाडीची सुधारत नाही, एवढंच.

गाडीचं तर उलटंच चाललं होतं. आधी निळा धूर दिसला. मग ती पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पिते की काय, असं वाटायला लागलं. धारूरच्या मिस्त्रीने फिल्टर काढून उजेडात धरलं आणि त्यातून माझ्याकडे बघितलं.

"सर, हे फिल्टर हाय का चाळन? सगळी धूळ इंजनात गेलीय. दुष्काळात कुनी उघडं फिल्टर लावतं का? जुना डबा बसवा, अजून वाचंल."

जुना डबा मेहुण्याकडून मागवला होता, डिकीतच होता. अर्ध्या तासाचं काम. मी मिस्त्रीला म्हटलं, राहू दे. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होता, ह्या माणसाकडे लोक पोरं शिकायला पाठवतात! मी त्याला गायीचं सांगितलं नाही. एक इंजिन आणि एक गाय यांत मी गाय निवडली होती आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता. असा अभिमान मला आयुष्यात मोजक्या वेळा वाटलाय, आणि प्रत्येक वेळी तो महागात पडलाय.

कारण मुकादमही माणूसच होता. महिना-सव्वा महिना तो दिवसातून दोनदा माझ्यासाठी पळाला. मग एके दुपारी खिंडीतून घरघर आली आणि तो बाजेवरून उठलाच नाही. दादा तिथेच होते, त्यांनीच सांगितलं. मुकादम कूस बदलून म्हणाला, "मास्तर असंल. येऊ द्या त्यांना."

ते साहेब होते. मी त्या वेळी सातवीला अन्नसाखळी शिकवत होतो.

साहेबांनी रिकाम्या दावणी बघितल्या, कोरडा हौद बघितला, रचलेली पोती बघितली. साहेब प्रामाणिक होते, हेही नशीबच. चार दिवसांत हुकूम आला. जनावरांची आबाळ होते, सबब छावणी बंद. म्हणजे जनावरांना पोटभर मिळत नव्हतं, म्हणून त्यांना जिथे काहीच मिळणार नाही तिथे पाठवायचं. मुकादमाची नोकरी गेली. चेअरमनचं काही गेलं नाही. त्याच्या पाहुण्याची दुसरी सोसायटी होती, तिला घाटापलीकडे नवी छावणी मिळाली. सहकार असा सहजासहजी बुडत नाही.

हुकूम आल्यावर मी छावणीत गेलो. हळद-कुंकू लावणारा म्हातारा मला बघून आपल्या म्हशीकडे वळला. मला त्या दिवशी जी लाज वाटली, ती अजून उतरलेली नाही. मी शहाणपणा केला नसता तर वाळकं वाढं तरी मिळत राहिलं असतं.

सगळ्यांना एकाच दिवशी त्या नव्या छावणीवर जायचं होतं, त्यामुळे टेम्पो मिळेनात. धूळ खाऊन शेवटी बसलेली माझी गाडी इंजिन उघडून मिस्त्रीच्या दारात पडली होती. दिवस उगवायला दादा गायीला घेऊन पायी निघाले. मी सुट्टी टाकून बरोबर निघालो. गाय पुढच्या छावणीत पोचली आणि पुढे नीट व्यालीही. हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाही. पण घाटाखालच्या त्या रस्त्याचं सांगायला हवं.

आठवा महिना लागलेली गाय, दर थोड्या वेळाने उभी राहायची, दादा चुचकारायचे, ती पुन्हा चालायची. ऊन चढलं होतं. मागून कुणाची तरी जुनी जीप आली, फाटक्या आवाजाची. गाय थांबली. तिने मान वळवून आवाजाकडे बघितलं आणि तिच्या तोंडातून लाळेची तार सुटली. जीप आमच्या अंगावर धूळ टाकून निघून गेली. गाय हलेना. दादांनी कासरा ओढला, पाठीवर थाप मारली. तिने खाली मान घालून समोरचं डांबर हुंगलं, मग जरा बाजूचं हुंगलं. पेंड कुठे ओतली ते ती शोधत होती.

दादांनी कासरा सैल सोडला.

"तूच शिकवलंस तिला," ते म्हणाले. "आता तूच सांग."

मी तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. ती माझे हात हुंगायला लागली.