पणज्याचा स्टंप

माझ्या पणज्याचा त्यांनी स्टंप केला.

वाढवून सांगतोय असं वाटेल. वाटणारच. वाढवून सांगायचाच मला पगार होता. चिमूरच्या बाजूला जंगलाला लागून एक रिसॉर्ट आहे, तिथं चहाच्या वेळी मी पाहुण्यांना गोष्टी सांगायचो. जेवणाच्या हॉलमध्ये एका गोऱ्या साहेबाचा फोटो टांगलाय. मेलेल्या वाघावर बूट ठेवलेला. तरुणपणी विलायतेत नावाजलेला क्रिकेटवाला, मग फौजेत कप्तान, पुढं कुठल्याशा बेटांचा गव्हर्नर. फोटोखाली साहेबाचं नाव आहे. वाघाची लांबी आहे.

या साहेबाला मीच मोठा केला. त्यानं चांद्यात टोलवलेला चेंडू माझ्या तोंडून वैनगंगेपार पडायचा, तो मगर गिळायची, महिनाभर तिचं पोट बिघडायचं. वाघ तर मी दरवर्षी हातभर वाढवला. नोकरी टिकली असती तर त्याचं शेपूट कुरखेड्याला पोचलं असतं. पाहुणे लोळून हसायचे.

एक गोष्ट मात्र सांगायची मनाई होती. पाहुण्यांचा मूड जातो म्हणे.

ती मला बापानं सांगितली. बाप माझ्याहून मोठा थापाड्या. पण ही सांगताना त्याचा आवाज बसायचा, आणि शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाई. माझ्या पणज्याला धानाच्या कापणीतून उचलून हाका घालायला, म्हणजे ओरडून-बडवून वाघ साहेबापुढं हुसकायला नेलं. वेठीनं. साहेबाची गोळी वाघाच्या मांडीत बसली, वाघ नाल्यात शिरला. वाघ जखमी केला तर गोळी घालणाऱ्यानंच तो संपवायचा, हा शिकारीचा धर्म. साहेबानं घड्याळ पाहिलं. चांद्याला त्याची मॅच होती. घोड्यावर बसला. जाताना म्हणाला, वाघ काढून ठेवा.

पणजा काठी घेऊन नाल्यात उतरला.

पणजीनं त्याला लुगड्यात गोळा करून आणलं. वाघ पुढं जखमेनं आपणहून मेला. आमच्याच लोकांनी ओढत छावणीत आणला. साहेब मॅच जिंकून परतला आणि त्याच्यावर बूट ठेवला.

वाघानं माणूस नेला की आमच्यात त्या जागी दगड मांडतात. शेंदूर लावतात. येणाराजाणारा पान वाहतो. पणज्याचाही मांडला, नाल्याच्या काठी. पुढं ती जमीन रिसॉर्टची झाली, कुंपण आलं, दगड आत राहिला. भोवती त्यांनी हिरवळ लावली.

गेल्या हिवाळ्यात त्या हिरवळीवर साहेबाच्या नावानं मॅच ठेवली. पाहुणे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आम्ही नोकरमाणसं उघड्या अंगानं, अर्ध्या धोतरात, हातात पत्र्याचा रिकामा डबा. चौकार गेला की डबे बडवून हाका घालायचा. अहेरीचा आचारी कुडकुडत माझ्या कानाशी लागला, "भाऊ, वाघ कुठी हाय? आपणच तं नाई?"

स्टंप एकाच बाजूचे सापडले. मॅनेजरनं दगडाकडं बोट केलं.

मी म्हणालो, "साहेब, तो माह्या पणज्याचा दगड हाय."

चेंडू घेतलेला पाहुणा हसला. "मग आज पणजोबांना बोल्ड करतो."

सगळे हसले. मीही हसलो. सवयीनं.

चेंडू दगडावर बसला. चेंडूला शेंदूर लागला. त्या माणसानं तो, टीव्हीत दाखवतात तसा, पांढऱ्या पँटवर घासला. मांडीवर शेंदरी पट्टा उमटला.

मी डबा खाली ठेवला. जाऊन दगडापुढं बसलो.

मॅनेजर दातओठ खात आला. "ऊठ. तुला गोष्टी सांगायचा पगार देतो मी."

"मंग सांगतो," म्हटलं.

आणि सांगितली. बापानं सांगितली तशी. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून वाढीव काही निघालं नाई. शेवटी घसा बसला.

मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत म्हणाली, काय ॲक्टिंग करतो हा.

चेंडू दगडाला लागला होता. टाळ्या मला लागल्या.

मॅनेजर एकदम खूश. मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "हीच रोज सांग. फक्त शेवटी साहेब वेळेवर परत येतो आणि तुझ्या पणजोबाला वाचवतो, असं कर."

मी त्याचा हात काढला. "साहेब, वाघ म्हणाल तेवढा लांब करून देतो. मेलेला माणूस जिता करून नाई देत."

रिसॉर्टनं नेसवलेलं धोतर तिथंच सोडून चड्डीवर घरी आलो. गाव सांगतं, नागडा आलो. गावही माझ्यासारखंच, वाढवतं.

नोकरी गेली. दगड आतच आहे, शेंदूर उडालेला. पान वाहायलाही मला आत घेत नाईत. म्हणून मी फाटकाबाहेर बसतो. सकाळी सफारीच्या जिप्सी तिथं थांबतात. उठतो, गोष्ट सांगतो. चौकीदार हाकलतो. परत येतो. कोणी टाळी वाजवली की पुन्हा पहिल्यापासून सांगतो. दगडाची वाट मोकळी होईस्तोवर सांगणार आहे.

पणज्याचं नाव डोलू होतं. तो धान कापत होता. यात मी हातभर वाढवलेलं नाई, आणि कोणाला बोटभर कमी करू देणार नाई.